दहा हातांची आखाजी

दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अमृत फोन करायचा, "ये वं अक्का, गाडी भेटी जाई तुले," आणि बहिणीला माहेरी आणायचं काम तेवढ्यावर उरकायचा. यंदा तो स्वतः मुराळी होऊन जळगावला आला, तोही चारचाकी घेऊन, वर मेव्हण्यासाठी शर्टाचं कापड. दिपमालाला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण माहेरचा माणूस दारात उभा राहिला की भल्याभल्या शिकलेल्या बाईची अक्कल गहाण पडते. तिनेही घाईघाईने पिशवी भरली, त्यात लॅपटॉप कोंबला आणि गाडीत जाऊन बसली.

धरणगाव मागे पडलं तसं अमृतने तोंड उघडलं.

"अक्का, तुनं ते पत्तासनं गणित चालू शे ना अजून?"

"चालू आहे की. त्याचाच पगार घेते मी."

हे ती कोणालाही असंच सांगायची. पुण्याच्या एका कंपनीचं काम ती घरबसल्या करत होती. परदेशातल्या कॅसिनोत पडद्यावर पत्ते वाटणारी यंत्रं असतात, त्यांच्या खेळांचं गणित तपासायचं. खेळ सरासरीने किती परत देतो आणि त्या सरासरीच्या वरखाली किती हेलकावतो, हे काढून द्यायचं. सासूबाई नातेवाइकांत 'बँकेचं काम' म्हणून वेळ मारून न्यायच्या. दिपमाला मात्र त्यांच्या देखतच म्हणायची, "बँक नाही, जुगाराच्या मशीनचं गणित करते. चोरी थोडीच करते?" मग सासूबाई दोन दिवस बोलायच्या नाहीत, आणि दिपमालाला तेवढीच विश्रांती मिळायची.

"छगनभाऊनी एक मशीन आणेल शे," अमृत म्हणाला.

छगन म्हणजे अमृतच्या बायकोचा भाऊ. धुळ्याला व्हिडिओ गेमचं दुकान चालवायचा. बाहेर पोरांच्या मोटारींचे खेळ आणि आत पडद्यामागे काय ते सगळ्या धुळ्याला ठाऊक. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, अशातली गत. आता त्याचं घोडं आखाजीच्या सतरंजीवर येणार होतं. पडद्यावर पत्ते वाटले जातात, आणि एका वेळी एक नाही, दहा हात खेळता येतात. भाऊबंदांतल्या दहा घरांनी एकेक हात घ्यायचा. एक हात बुडाला तर नऊ तारतील, असं छगन सगळीकडे सांगत सुटला होता. अमृतची त्यात भागी होती.

"तू फक्त दोन शबद बोल. बठ्ठा गाव तुनं ऐकी."

"दहाही हातांना पत्ते वेगवेगळे वाटतात? का वाटणी एकच?"

"एकच. पहिले पाच पत्ता येतस, त्यातला चांगला आपण धरी ठेवानं. मंग ते पत्ता दाही हातमा जातस, आणि बाकीना ज्याना त्याना नवा निंघतस."

दिपमाला अमळनेर येईपर्यंत गप्प बसली. अमृतला वाटलं, बहीण ऐकणार. धाकट्या भावांना थोरल्या बहिणीचं गप्प बसणं कधी कळलेलं नसतं.

गाव पांझरा नदीच्या अंगाचं. आखाजी म्हणजे तिथे लेकींचा सण. सासरच्या बेड्या तीन दिवस खुंटीला टांगायच्या, निंबाला बांधलेल्या झोक्यावर बसायचं आणि गळा बसेपर्यंत गाणी म्हणायची. पुरुषांचा सण वेगळा. ते पत्ते कुटायचे. एरवी जो बाप पोराच्या हातात पत्ते दिसले तर पायातलं काढायचा, तो आखाजीला स्वतः सतरंजी झटकून द्यायचा. मात्र गावाने या खेळाला दावं घालून ठेवलं होतं. खेळायला येणाऱ्या प्रत्येक घराने पत्त्यांचा आपला कॅट आपण आणायचा, कारण कोणाचा कोणाच्या पत्त्यांवर भरवसा नव्हता. आणि दुसरा नियम त्याहून जुना. त्या दिवशी जो जिंकेल त्याने हरलेल्याच्या घरी आंब्याची पाटी स्वतः डोक्यावरून न्यायची आणि त्याच्याच पंगतीला बसून रस-पुरणपोळी खायची. हरलेल्याने पाटी परत करायची नाही, आणणाऱ्याला उपाशी धाडायचं नाही. बाप पत्ते हरला म्हणून माहेरी आलेल्या लेकीच्या ताटात रस नाही, असं होऊ नये एवढ्यासाठी हे. या पाट्यांनी भावकीतली कितीतरी भांडणं मिटवली होती.

घरी पोचल्यावर पाणी पिऊन होताच दिपमालाने मागच्या खोलीत लॅपटॉप उघडला. खरं तर उत्तर तिला पाठ होतं. पण भावाशी भांडायचं तर पाया पक्का हवा, म्हणून तिने हिशेब नव्याने मांडला. आधी एकट्या हाताचा. बावन्न पत्त्यांतून पाच पत्ते जवळपास सव्वीस लाख तऱ्हांनी येतात. प्रत्येक तऱ्हेत काय धरायचं, काय टाकायचं, त्यातून काय मिळतं, आणि ते सरासरीपासून किती लांब पडतं. त्या लांब पडण्याचा आकडा म्हणजे व्हेरियन्स. दहा हातांना वाटण्या वेगळ्या असत्या तर काम सोपं होतं, दहा आकडे मिळवायचे नि मोकळं व्हायचं. पण वाटणी एकच म्हटल्यावर कुठल्याही दोन हातांचं एकमेकांशी असलेलं नातंही मोजावं लागतं. दहा हातांच्या जोड्या पंचेचाळीस, आणि प्रत्येक जोडी बेरजेत दोनदा येते. कुठल्या हाताला किती द्यायचं त्या नेहमीच्या तक्त्यावर एकट्या हाताचा आकडा साडेएकोणीसच्या आसपास राहतो; दहा हात एका वाटणीवर लावले की तोच हातामागे सदतीसपर्यंत चढतो. जवळजवळ दुप्पट. हे सगळं त्या नात्याचं देणं.

आई यशोदाबाई पुरणाची डाळ निवडत उंबऱ्यात बसली होती. "काय दखी ऱ्हायनी इतलं त्यामा?"

"झोके बघते आहे," दिपमाला म्हणाली. "माय, दहा पोरींनी दहा निंबांना दोर बांधले, तर एखादी फांदी मोडेल, एक पोर पडेल. आणि दहाही जणींनी एकाच फांदीला बांधले तर?"

"दाही हाडं मोडतीन," यशोदाबाई डाळीतून वर न बघता म्हणाली. मग तिचा हात थांबला. तिला सगळं कळलं. मशीनचं तिलाही चार दिवसांपासून ठाऊक होतं. "गप ऱ्हाय माय. तुना बाप गया. आते पोरनं माहेर भाऊना जीववर ऱ्हास. त्यानी शबद दी टाकेल शे भाऊबंदासले."

"माझ्या तोंडचा शब्द त्याने परस्पर दिला?"

"माले इचारीसन कोन काय करस वं?" म्हातारी म्हणाली आणि डाळीतला खडा तिने असा भिरकावला की तो थेट अंगणात गेला.

दिपमालाला भावाचा राग आला, आणि आईची दया आली, आणि या दोन्हींहून जास्त स्वतःचाच संताप आला, की चारचाकी बघून आपण भुललो. ती तशीच उठून ओट्यावर गेली. अमृत झोक्याचा दोर निंबाला आवळत होता.

"मी बोलणार नाही तुझ्या मशीनसाठी. बोलले तर उलटं बोलेन."

अमृतचे हात दोरावरच राहिले. "काबर? खोटं शे का? दहा हात म्हणजे जोखीम वाटाई जास ना?"

"सगळे पैसे एका हाताला लावण्यापेक्षा दहा हातांत वाटले तर थोडं बरं, हे खरं आहे. तेवढं मी कबूल करते. पण तू ते दहा वेगळ्या वाटण्यांइतकं बरं म्हणून विकतो आहेस, आणि ते तसं नाही. वर तुमच्याकडे दहा घरं एकेक हात घेणार. वाटणी वाईट आली की दहाही घरं एकदम खाली. आणि सरासरीने तर मशीनच जिंकतं. पत्त्यात हरलेलं गावात राहतं रे. मशीनमध्ये हरलेलं धुळ्याला जातं."

"आणि मी काय सांगू त्यासले? मना बहीननी माले तोंडघशी पाडं?"

"शब्द तू दिलास. मी नाही."

अमृतने दोराची गाठ सोडली, परत मारली, परत सोडली. त्याला तिने कडेवर खेळवलं होतं, शाळेत पोचवलं होतं, त्याच्या पहिल्या नापासाचा मार स्वतः खाल्ला होता. पण घर आता त्याचं होतं आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"मंग ऐक," तो म्हणाला. "उद्या सतरंजीवर तू मना विरुद्ध बोलनी आणि भाऊबंदासनी मशीन ठेवं, ते तू हारनी. मंग हाई माहेर इसरी जाय. आखाजीले ये नको, दिवाळीले ये नको."

"ठेवली पैज," दिपमाला म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

आखाजीच्या दिवशी बापाच्या नावाने घागर भरून झाली, पितरांना नैवेद्य दाखवून झाला, आणि गाव रिकामं झालं. बायका झोक्यांकडे, पुरुष नवल आबांच्या ओट्यासमोरच्या मांडवाकडे. नवल आबा भावकीतले सर्वांत थोरले. डोळ्यांना कमी दिसायचं, तरी पत्ता ते बोटांनी ओळखायचे, आणि सतरंजीवर शेवटचा शब्द त्यांचा. मांडवात टेबलावर छगनचं यंत्र मांडलं होतं, त्याच्यावर झेंडूची माळसुद्धा घातलेली. पांढऱ्या पॅन्टीतला छगन घोडीवर बसायला निघालेल्या नवरदेवासारखा इकडून तिकडे फिरत होता.

"आता आमच्या ताई सांगतील," तो म्हणाला. "त्या हेच काम करतात. परदेशी लोक त्यांना विचारून मशीन लावतात."

दिपमाला पुढे आली. आली ती मशीनपाशी थांबली नाही. चपला काढून ती सरळ सतरंजीवर जाऊन बसली, पुरुषांच्या गोलात, मांडी घालून.

गोलात कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं, "बाईमानूस सतरंजीवर कशी बठी?"

"बसले तर आहे," दिपमाला म्हणाली. "आता उठवून दाखवा."

कोणी हललं नाही. तेवढ्यात नवल आबा हसले. त्यांच्या तोंडात दात कमी, त्यामुळे हसणं मोठं. "आखाजी पोरीसनीच शे रे. बठू द्या आंडेरले, आपलीच लेक शे. काय सांगनं शे ते सांग बाई."

"सांगून पटणार नाही, खेळून दाखवते. दहा घरं हात घेणार ना? मग दहा जणांनी आपापला कॅट काढा."

कॅट सगळ्यांच्या खिशात होतेच. घरून आणलेला चिंचोक्यांचा एक ढीग तिने मध्ये ओतला. प्रत्येकाने एकेक चिंचोका लावायचा. नियम तिने थोडक्यात सांगितला. मशीनमध्ये आहे तोच. गुलामाची किंवा त्याहून वरची जोडी आली तर लावलेला चिंचोका परत. दोन जोड्या, तीन सारखे, त्याहून वर काही आलं तर जास्त. त्याखाली आलं तर चिंचोका गेला. तीनपत्ती खेळून म्हातारे झालेल्यांना एवढं समजायला वेळ लागत नाही.

"आता मी एकदाच पाच पत्ते वाटणार. तेच पाच पत्ते प्रत्येकाने आपल्या कॅटमधून काढून समोर मांडायचे. जे धरायचे ते दहाही जण सारखेच धरतील. टाकलेले बाजूला. मग ज्याने त्याने आपला उरलेला कॅट पिसायचा आणि आपले नवे पत्ते ओढायचे. छगनभाऊ, तुमचं मशीन हेच करतं ना?"

"हेच," छगन म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

तिने पत्ते पिसले. चार-दोन डावांत काहीही सिद्ध होत नाही, हे त्या मांडवात तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. लाखो डावांनंतर जे खरं ठरतं ते तिसऱ्या डावात तोंडावर आपटू शकतं, आणि तिचं माहेर या तीन-चार डावांवर टांगलेलं होतं. तरी तिने वाटलं.

बदाम राणी. चौकट सत्ती. इस्पिक राणी. किल्वर तिर्री. किल्वर राणी.

मांडवात एकच आरोळी उठली. तीन राण्या! दहाही जणांनी आपापल्या कॅटमधून तीन-तीन राण्या काढून समोर मांडल्या, दोन-दोन पत्ते ओढले. एकाला चौथी राणी लागली, एकाला वर जोडी. ज्यांना काही लागलं नाही तेही तीन राण्यांवर जिंकलेच. चिंचोके ओंजळीओंजळीने वाटले गेले. माणसं उठून नाचायला लागली. छगनने टाळी वाजवली आणि अमृतच्या पाठीवर थाप मारली.

"बघा! ताईंनी स्वतःच्या हाताने दाखवलं. दहाच्या दहा जिंकले!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. झोके सोडून आलेल्या बायका मांडवाच्या कडेला उभ्या होत्या, त्यांत यशोदाबाई होती. तिने पदर तोंडाला लावला. अमृत बहिणीकडे बघत नव्हता. क्षणभर दिपमालाला वाटलं, उठावं, हसून वेळ मारून न्यावी, भावाच्या मनासारखे दोन शब्द बोलावेत. कोणाचं काय बिघडणार होतं? मग तिला तिचाच राग आला.

"छगनभाऊ, टाळ्या थांबवा," ती म्हणाली. "सगळे उभे आहात ना? बघा, एक तरी माणूस खाली बसला आहे का?"

माणसांनी इकडेतिकडे पाहिलं. खरंच कोणी बसलेलं नव्हतं, दिपमाला सोडून.

"हेच मला सांगायचं होतं. आबा, इतक्या वर्षांत या सतरंजीवर दहा घरं एकदम जिंकलेली पाहिलीत कधी?"

"नही," नवल आबा म्हणाले. त्यांचं हसणं थांबलं होतं. "असं व्हतंच नही. एक उठस तव्हळ दुसरा बठस."

"आज उठली. कारण राण्या दहांच्या नव्हत्या, एकाच वाटणीच्या होत्या. जी वाटणी दहांना एकदम उठवते ती दहांना एकदम बसवणार. बसा सगळे. पुन्हा वाटते."

या वेळी पत्ते आले ते दुर्री, पंजी, सत्ती, नव्वी, दश्शी, चार रंगांचे, एकमेकांशी कसलंच नातं नसलेले. धरण्यासारखं काही नव्हतं. दहाही जणांनी पाचही टाकले आणि नवे पाच ओढले. तिघांना गुलामाच्या वरची जोडी लागली. सात जणांचे चिंचोके गेले.

"तीन जण तरले की!" छगन म्हणाला.

"तरले, जिंकले नाहीत. जोडीला आपलाच चिंचोका परत," दिपमाला म्हणाली. "आबा, आता सांगा. सात घरं हरली. त्यांच्या घरी आंब्याची पाटी कोण नेणार?"

गोलातली माणसं एकमेकांकडे बघू लागली. नेहमीच्या खेळात एकाचं गेलेलं दुसऱ्याच्या पुढ्यात यायचं, म्हणून पाटी निघायची. इथे सात जणांचे चिंचोके गेले होते आणि जिंकलेला म्हणून बोट दाखवावा असा माणूस गोलात नव्हता.

"चिंचोका गया कोठे मंग?" कोणीतरी विचारलं.

दिपमालाने मशीनकडे हात केला.

"छगन," नवल आबांनी हाक मारली, "हाई मशीन आंबा धाडी का रे सात घरे?"

छगन हसला. "आबा, मशीन कसं आंबे धाडेल? पाहिजे तर मी धाडतो की एखादी पाटी."

"एखादी," आबा म्हणाले. "आणि डोकावर लई येशी का तू? सात घरमा जेवाले बठशी?"

छगनने पॅन्टीवरची नसलेली धूळ झटकली. मांडवाच्या कडेला उभ्या बायकांतून कोणीतरी खुदकन हसलं, मग दुसरी हसली, मग सगळ्याच.

"माळ काढी ले त्यावरनी," आबा म्हणाले, "आणि मशीन गाडीमा टाक. आमना बापजादासनी आंबासाठे पत्ता धरात. हाई कोनासाठे शे आमले समजत नही."

छगन चहासुद्धा न घेता धुळ्याला गेला. अमृत त्याच्या गाडीपर्यंत गेला आणि एकटाच परत आला. त्याने कोणाकडे पाहिलं नाही. सरळ घरी जाऊन निंबाचा झोका सोडला, दोराची वेटोळी करून कोनाड्यात फेकली आणि दिपमालाची पिशवी ओट्यावर आणून ठेवली, लॅपटॉपसकट. मग दार लावून घेतलं.

दिपमाला आली तेव्हा ओट्यावर फक्त पिशवी होती.

"अमृत, पैज मी जिंकले आहे," ती दाराला म्हणाली.

"मशीन गई ते गई. घर मनं शे," आतून आवाज आला. यशोदाबाईचा आवाज आला नाही. तिला बोलू दिलं नसावं.

दिपमाला रडली. ओट्यावर बसून, गल्लीतल्या लोकांसमोर, अजिबात न लाजता रडली. जिंकून माहेर जाणार असेल तर हरण्यात काय वाईट होतं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. मग तिने नाक पुसलं, पिशवी खांद्याला लावली आणि फाट्याची वाट धरली. तिला जाताना पाहून झोक्यांवरच्या पोरींची गाणी थांबली. नवल आबांनी घरी चल म्हणून हाक मारली, तिने मान हलवली.

फाट्यावर अमळनेरची एसटी उभी होती. कंडक्टर म्हणाला, "चला बाई, जागा आहे." दिपमालाने एक पाय पायरीवर ठेवला. एसटीच्या पलीकडे आंब्याची हातगाडी होती, रसाचे गावठी आंबे, सण संपत आला म्हणून भाव उतरलेला. तिने पाय खाली घेतला.

"पाटीसकट द्या," ती गाडीवाल्याला म्हणाली. "आणि डोक्यावर उचलून द्या."

चुंबळीला तिने ओढणी गुंडाळली. डोक्यावर पाटी, खांद्याला लॅपटॉपची पिशवी, अशी ती गावातून चालत निघाली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मानेला कळ लागत होती. कित्येक वर्षांत तिने डोक्यावर काही वाहिलं नव्हतं. पण तिने मुद्दाम लांबची वाट घेतली, मांडवासमोरून, झोक्यांखालून, सगळ्या भावकीच्या दारांवरून. पाटी कुठे निघाली आहे ते बघायला माणसं ओट्यांवर आली, आणि तिच्यामागून चालू लागली.

तिने दार वाजवलं. अमृतने उघडलं.

"काय शे?"

"पाटी."

"माले नको. तुले सांगं ना, बहीन म्हनीसन आते..."

"बहिणीची नाहीच ही," दिपमाला म्हणाली. डोक्यावरच्या ओझ्यामुळे तिला मान ताठच ठेवावी लागत होती. "बहिणीची असती तर तू नाही म्हणाला असतास आणि मी गेले असते. तू माझ्याशी पैज लावलीस. मी सतरंजीवर बसले, जिंकले. तू हरलास. जिंकलेल्याने हरलेल्याच्या घरी पाटी आणायची असते, ती आणली आहे. हरलेल्याला ती नाकारता येत नाही, आणि आणणाऱ्याला उपाशी धाडता येत नाही. येत असेल तर आबांना विचार, ते माझ्या मागेच उभे आहेत."

अमृतने तिच्या मागे पाहिलं. आबा काठीवर हनुवटी टेकून उभे होते. आख्खी गल्ली उभी होती. सगळ्या जगाशी अमृतला भांडता आलं असतं, पण पाटी परत करणारा गावातला पहिला माणूस व्हायचं धाडस त्याच्यात नव्हतं. तो दारातून बाजूला झाला, पाटी घ्यायला मात्र त्याने हात पुढे केला नाही.

हात यशोदाबाईने पुढे केले. तिचे हात पुरणाने भरलेले होते. तशाच हातांनी तिने लेकीच्या डोक्यावरची पाटी उतरवली.

"दाबीसन दखना का आंबा? का तशाच आना?" ती म्हणाली.

"तसेच आणले माय."

"तरीच कच्चा शेतस चार," यशोदाबाई म्हणाली, आणि आंबे पाण्यात टाकायला आत गेली.

दिपमाला उंबऱ्याच्या आत आली. अमृत भिंतीला टेकून उभा होता. त्याच्याजवळून जाताना ती थांबली.

"पुढच्या आखाजीला मला आणायला येऊ नकोस," ती म्हणाली. "मी माझा कॅट घेऊन येणार आहे."

अमृत कोनाड्याकडे गेला, दोराची वेटोळी उचलली आणि झोका बांधायला निंबाकडे निघाला.